नको म्हणणारी मुलगी आणि सही करणारी मुलगी

२०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात एका वृद्ध पित्याने आपल्या मुलीविषयी एक वाक्य उच्चारले आणि साऱ्या देशाला तोंडसुख घ्यायला विषय मिळाला. ‘बिस्लेरी’चे मालक रमेश चौहान तेव्हा ८२ वर्षांचे होते. कंपनी टाटा समूहाकडे सोपविण्याच्या वाटाघाटी चालू आहेत, व्यवहार ६ ते ७ हजार कोटी रुपयांच्या घरात जाईल आणि एकुलती एक कन्या जयंती हिला या धंद्यात फारसे स्वारस्य नाही, असे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यानंतर आठवडाभर जो तो न्यायाधीश झाला. ‘बापाने रक्ताचे पाणी करून उभे केले आणि पोरीला त्याची किंमत नाही,’ असा एक निकाल. ‘मुलगा असता तर ही वेळ आली नसती,’ असा दुसरा. हा दुसरा निकाल मी शहरातल्या क्लबात नव्हे, आपल्याच देवळाच्या पडवीत, रविवारच्या मिस्सानंतर ऐकला. आणि तो देणाऱ्यांत माताभगिनीही होत्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे असे की हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत आणि ज्या तोंडांनी ते दिले गेले त्या तोंडांना ते देण्याचा अधिकार तर मुळीच नाही. कारण ‘नको’ म्हणणाऱ्या एका मुलीने आपल्याला एवढे अस्वस्थ केले, पण आपल्या जिल्ह्यात दर महिन्याला कितीतरी मुली ‘नको’ म्हणतात, कागदावर म्हणतात, सही करून म्हणतात, आणि आपल्या चहाच्या कपातली बशीसुद्धा हलत नाही.

प्रथम त्या घराण्याविषयी. मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात गोळ्या-मिठाईचा कारखाना काढला आणि गावाचेच नाव धंद्याला दिले. पुढे तेथे बिस्किटे होऊ लागली. मुंबईला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्यातील जुन्या मंडळींना विचारा; लोकलगाडी पार्ल्यात शिरली की भाजलेल्या बिस्किटांचा वास डब्यात यायचा, हे ते हमखास सांगतील. तो कारखाना २०१६ साली बंद पडला. घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या. एका शाखेकडे बिस्किटे राहिली, दुसरीकडे शीतपेये गेली. गोल्ड स्पॉट, लिम्का आणि कोका-कोला देश सोडून गेल्यावर १९७७ साली आलेले थम्स अप ही सारी या दुसऱ्या शाखेची अपत्ये. ‘बिस्लेरी’ हे नाव एका इटालियन गृहस्थाचे. तो धंदा १९६९ साली अवघ्या ४ लाख रुपयांत या घराण्याकडे आला. आज ते नाव भाषेत इतके मुरले आहे की कोणत्याही कंपनीची बाटली असो, आपण ‘एक बिस्लेरी द्या’ असेच म्हणतो. रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकावरही आणि आपल्या फेस्ताच्या मांडवातही.

या घरात जयंती १९८५ च्या सुमारास जन्मली. शिक्षणासाठी लॉस एंजलिस, मिलान व लंडन येथे राहिली. वेशभूषाशास्त्र शिकली, छायाचित्रण शिकली, अरबी भाषाही शिकली. चोविसाव्या वर्षी वडिलांच्या कंपनीत आली, दिल्ली कार्यालयाची जबाबदारी घेतली, २०११ नंतर मुंबईचे काम पाहू लागली, उपाध्यक्षा झाली. म्हणजे धंद्याला कधी हातच लावला नाही अशी ही मुलगी नव्हे. दशकभर काम करून मग तिला वाटले असेल की आयुष्य यातच घालवायचे नाही. यात पातक कोणते? धर्मगुरू म्हणून मी एवढे सांगू शकतो की दहा आज्ञांत ‘बापाचा कारखाना चालव’ अशी आज्ञा नाही. आईबापांचा मान राखणे आणि आईबापांची यंत्रे चालू ठेवणे या दोन गोष्टींची गल्लत आपण सोयीने करतो.

आता गंमत पाहा. १९९३ साली याच रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही स्वतः वाढविलेली पेये कोका-कोलाला विकली. रक्कम सुमारे ६ कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. देशी पेय परक्याच्या हाती गेले म्हणून काहींना हळहळ वाटली. पण चौहानांना कृतघ्न कोणी म्हटले नाही. वाडवडिलांचा वारसा विकणारा पुरुष व्यवहारचतुर ठरला, आणि वारसा चालविण्याची इच्छा नसलेली त्याची मुलगी मात्र कुळबुडवी ठरली. विक्रीची बोलणी पित्यानेच चालविली होती, हेही कोणाच्या ध्यानात राहिले नाही. त्या पित्याला मात्र मी दोष देणार नाही. त्याने मुलीला कारखान्याला जुंपले नाही आणि तिच्या मनाविरुद्धचे खोटे जगाला सांगितले नाही. आपल्यात किती बाप एवढे करतील?

पुढचा अंक आणखी बोलका आहे. मार्च २०२३ मध्ये टाटांच्या कंपनीने वाटाघाटी थांबल्याचे जाहीर केले आणि लगोलग बातमी आली की व्यावसायिक व्यवस्थापकांच्या साथीने जयंतीच आता कारभार पाहणार. चार महिन्यांपूर्वी जी दगडकाळजाची होती ती एका रात्रीत गुणाची लेक झाली. तेच लोक, तीच तोंडे! तिच्या मनात या चार महिन्यांत काय झाले, हे मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. मला रस आहे तो एवढ्यातच, की तिने ‘नको’ म्हटले तेव्हाही आणि ‘हो’ म्हटले तेव्हाही ते शब्द तिचे होते. कोणी कागद पुढे सरकवून तिचा अंगठा धरला नव्हता.

त्याच घराण्यात, रमेशभाईंच्या धाकट्या भावाच्या घरी, तीन मुली आहेत: शौना, अलिशा आणि नादिया. १९८५ साली निघालेली फ्रूटी याच घरची. (आपल्या मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभात ती खोकी आपण वाटतो, अशा पेयांत बहुधा तोतापुरीचा रस असतो, हापूसचा नव्हे, हे रत्नागिरीकरांनी तरी विसरू नये.) नादिया २००३ साली सतराव्या वर्षी कामाला लागली, शौना पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी झाली. म्हणजे एका चुलत बहिणीने ‘नको’ म्हणून पाहिले, तिघींनी ‘हवे’ म्हटले. ‘मुलगा असता तर’ या उद्गाराचे काय करायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

हे सारे मुंबईच्या श्रीमंतांचे. आपल्याकडे कोट्यवधींचे कारखाने नाहीत, हे खरे. पण आपल्याकडे काय आहे? दहा-वीस कलमांची बाग आहे, आंब्याचा रस हवाबंद डब्यात भरणारी घरगुती कॅनिंगची शेड आहे, काजू फोडण्याचा लहानसा कारखाना आहे, बाजारपेठेतली बेकरी आहे, कोकम-आगळ-आंबापोळीचा हंगामी धंदा आहे. आणि या प्रत्येक धंद्याचा कणा बाईमाणूस आहे. अढीतला आंबा कोणत्या दिवशी काढायचा हे बोटांनी दाबून कोण सांगते? रसाला साखर किती, ताटातला थर किती जाड, मृगाचा पाऊस आज येईल की उद्या, पोळ्या उन्हातून कधी उचलायच्या, हे कोणाला कळते? काजूच्या चिकाने कोणाची बोटे काळी पडतात? आणि मग दुकानाच्या पाटीवर वाचा: ‘बंधू’, ‘ब्रदर्स’, ‘अँड सन्स’. इतक्या वर्षांत या जिल्ह्यात ‘आणि कन्या’ अशी पाटी मी पाहिलेली नाही. कोणी पाहिली असेल तर संपादकांना कळवावे, मी स्वखर्चाने तेथे जाऊन पाटीला हार घालीन.

वडील वारतात. दफनविधी होतो. महिन्याची मिस्सा होते, आणि त्याच दिवशी, बहीण सासरहून आलेलीच आहे म्हणून, जेवणानंतर एक कागद बाहेर निघतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. नाव मात्र प्रामाणिक आहे. ‘ताई, ही फक्त एक सही, तलाठी मागतो आहे.’ ‘सातबाऱ्यावर जास्त नावे असली की कर्ज मिळत नाही.’ ‘तू काय इथे येऊन कलमांना खत घालणार आहेस?’ मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचे, नाममात्र मुद्रांकावर अंगठा उमटवायचा, छायाचित्र काढून घ्यायचे आणि परतीच्या गाडीत आंब्याची एक पेटी घेऊन बसायचे. काही घरांत तेवढीही तसदी घेत नाहीत. वारसनोंद करतानाच बहिणीचे नाव गाळले जाते आणि तिला ते कळते पंधरा वर्षांनी, एखादी जमीन रस्त्यासाठी संपादित झाली आणि मोबदल्याची यादी लागली म्हणजे.

माझ्या माहितीतले एक घर आहे. गाव सांगत नाही. थोरल्या बहिणीने दहावीनंतर शाळा सोडली, कारण आईच्या आजारपणात स्वयंपाकघर आणि आंबापोळीचा हंगाम दोन्ही तिच्यावर आले. तिने ताटाच्या जागी पाट आणले, पाटांच्या जागी मोठ्या परातींची मांडणी आणली. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक तिच्या हाताच्या चवीवर जमले. धाकट्या भावाने पुढे शेड बांधली, यंत्र आणले, कर्ज काढले. त्याचे कष्टही कमी नाहीत आणि तो दुष्टही नाही. वडील गेल्यावर तिने सही केली. आजही एप्रिल-मे महिन्यांत ती त्याच शेडमध्ये येते आणि शनिवारी इतर बायांच्या रांगेत उभी राहून रोजंदारी घेते. भावाला यात काही वावगे दिसत नाही. ‘ताईला बाहेरच्यांपेक्षा वीस रुपये जास्त देतो,’ असे तो अभिमानाने सांगतो. बिस्लेरीच्या वारसदार कन्येविषयी देवळाच्या पडवीत सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होता तो हाच गृहस्थ असता, तर मला मुळीच आश्चर्य वाटले नसते.

इतर समाज काय करतात ते त्यांचे ते पाहतील. आपल्याला सबब नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती पुरुष वारला तर त्याच्या विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलामुलींना सारखे, असे त्यात सांगितले आहे. मुलगा-मुलगी असा भेद त्या कायद्याला ठाऊकच नाही. बाग वडिलांनी कमावलेली असो वा आजोबांकडून आलेली असो. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. म्हणजे आपल्या मुलींच्या हाती समान वाट्याचा कायदा कितीतरी आधीपासून होता, आणि आपण त्याचे काय केले? त्यांच्याच हातून तो परत घेतला. आपल्यातील अनेकांची मुळे गोव्यात आहेत. तेथे पोर्तुगीज संहितेतून आलेल्या कायद्यानुसार बापाला मृत्युपत्र करूनही आपली सारी मालमत्ता हवी तशी देऊन टाकता येत नाही. निम्मा भाग मुलामुलींसाठी राखीवच राहतो. बांदा ओलांडून अलीकडे आल्याबरोबर आपल्या मुलींची किंमत कमी होते की काय?

केरळातील मेरी रॉय यांचे नाव आपल्या पंचक्रोशीत फारसे घेतले जात नाही, घ्यायला हवे. सीरियन ख्रिस्ती घराण्यातली ही स्त्री. तेथे त्रावणकोरचा १९१६ सालचा कायदा चालत असे: मुलीचा वाटा मुलाच्या वाट्याच्या चौथाई किंवा ५ हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. वडील मृत्युपत्र न करता वारले होते. भाऊ उच्चशिक्षित, कोट्टायममध्ये लोणच्यांचा कारखाना चालविणारा. त्या सख्ख्या भावाविरुद्ध बहीण उभी राहिली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तेथील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चाच कायदा लागू. प्रत्यक्ष वाटा पदरात पडायला त्यानंतरही कितीतरी वर्षे गेली. २०२२ साली, जयंती चौहानांची चर्चा सुरू होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, मेरी रॉय वारल्या. त्या निर्णयानंतर केरळातील काही धर्माधिकाऱ्यांनी मुलींना वगळणारी मृत्युपत्रे करण्यास लोकांना साहाय्य केले, हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. पण ते घडले आहे आणि झगा घालणाऱ्यांनीच ते लिहिलेले बरे.

आता आक्षेपांकडे वळू. लग्नात सोने दिले, शिक्षण दिले, तोच तिचा वाटा, असे म्हणतात. मग भावाच्या शिक्षणाचा, त्याच्या मोटारसायकलचा, त्याच्या लग्नात वाजविलेल्या बँडचा खर्च त्याच्या वाट्यातून का वजा होत नाही? जमिनीचे तुकडे पडतील, असेही म्हणतात. दोन भावांत पडले तर चालतात, बहिणीच्या नावाने मात्र कलमे सुकतात! वाटा म्हणजे कुंपणच घातले पाहिजे असे नाही. बाग एकत्र राहू शकते, हंगामाचा हिशेब वाटता येतो. भागीदारीचे कागद करणारे वकील रत्नागिरीत पुष्कळ आहेत.

आईवडिलांना म्हातारपणी ज्याने सांभाळले त्याचे काय, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मी मान देतो. अंथरुणाला खिळलेल्या बापाचे मलमूत्र ज्याने काढले त्याचे ऋण मोठे आहे. त्याला अधिक द्यावे; बापाने जिवंतपणी मृत्युपत्र करून, कारण लिहून, सर्वांसमक्ष द्यावे. पण मग मलमूत्र खरोखर कोणी काढले तेही लिहावे. बहुतेक घरांत ते सुनेने किंवा माहेरी येऊन राहिलेल्या मुलीने काढलेले असते.

आणि पवित्र शास्त्राचा आधार घेणारेही भेटतात. लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभूकडे येऊन भावाला वाटणी द्यायला सांगा म्हणतो आणि प्रभू न्यायनिवाडा करण्यास नकार देतो; तेव्हा बहिणींनी वाटणी मागू नये, असा यांचा निष्कर्ष! त्यांनी पान उलटावे. त्याच दमात प्रभू लोभाविषयी बजावतो आणि ज्याची कोठारे पुरेनाशी झाली होती त्या धनवानाचा दाखला सांगतो. तो दाखला मागणाऱ्याला जितका लागू, तितकाच कोठारावर बसलेल्यालाही. शिवाय गणना ग्रंथ वाचावा. सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि साऱ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दारात उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. परमेश्वराने मोशेला सांगितले की या मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्यांना भाऊ नव्हते, असे कोणी म्हणेल. ठीक. ईयोबाला सात मुलगे होते. तरी त्याने तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले, असे त्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात आहे. ‘जमीन परक्या घरात जाईल’ ही भीतीही तेथे आहे. वंशाच्या वडीलधाऱ्यांनी ती बोलून दाखविली आणि त्या पाच मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे असे ठरले. पण दिलेले वतन कोणी काढून घेतले नाही.

सर्वांत चिवट आक्षेप शेवटी. ‘फादर, तिने राजीखुशीने सही केली. जबरदस्ती नव्हती.’ मला हे मान्य करायला आवडेल. पण राजीखुशीला काही अटी असतात. काय सोडतो आहोत हे माहीत असावे लागते. न सोडल्यास काय होईल याची धास्ती नसावी लागते. जयंती चौहान ‘नको’ म्हणाली तेव्हा कंपनी किती मोठी आहे, तिची किंमत काय, हे तिला पै-पैशासह ठाऊक होते. ‘नको’ म्हटल्यानंतरही तिचे घर तिचेच राहणार होते, बाप बापच राहणार होता. आणि मन बदलले तेव्हा दार उघडे होते. आपल्या बहिणीला सातबाऱ्यावर किती गुंठे आहेत ते सांगितलेले नसते. सही केली नाही तर गणपती-नाताळला येणारे भावाचे बोलावणे बंद होईल, भाचीच्या लग्नात मागच्या बाकावर बसावे लागेल, बाळंतपणाला आलेल्या तिच्या लेकीला माहेरपण मिळणार नाही, हे मात्र तिला न सांगता कळलेले असते. ती वाटा देऊन माहेर विकत घेते. ज्याला आपण प्रेम म्हणतो त्याची एवढी किंमत घेणारा भाऊ मग राखी बांधून घेतो, नाहीतर नाताळला साडी पाठवितो, आणि आपण त्याचे कौतुक करतो. विवाहपूर्व शिबिरात आम्ही वधूवरांना पुष्कळ गोष्टी सांगतो. ही एक सांगत नाही.

अशा कागदांवर साक्षीदार म्हणून फादरांची सही असली की बरे दिसते, अशी समजूत आहे आणि तशी विनंती घेऊन लोक येतात. माझे उत्तर येथे छापून ठेवतो, म्हणजे कोणाची फेरी फुकट जाणार नाही. वडिलांना जाऊन वर्ष झालेले असावे. सर्व सातबारे, बँकेची खाती, धंद्याचा तीन वर्षांचा हिशेब यांच्या प्रती बहिणीकडे तिच्या स्वतःच्या घरी निदान महिनाभर असाव्यात. तिने आपल्या पसंतीच्या वकिलाला त्या दाखविलेल्या असाव्यात. वकिलाची फी भावाने दिलेली नसावी. आणि शेवटी ती एकटी, भावाशिवाय आणि नवऱ्याशिवायही, माझ्या कार्यालयात येऊन बसावी. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सायंकाळी चार ते सहा मी तेथे असतो.